सहाव्या पाइपच्या खाली

ऑफिसात तिला सगळे किडेमॅडम म्हणायचे. अगदी तोंडावरसुद्धा. सुरुवातीला राग यायचा, मग सवय झाली, आणि आताशा कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर ती पटकन ओ देत नसे.

तिचं काम सांगायला सोपं, पण लोकांच्या गळी उतरायला अवघड होतं. गावाला पिण्याचं पाणी पुरवणाऱ्या खात्यात ती अकरा वर्षं होती आणि दर तीन महिन्यांनी ओढ्यातले किडे मोजत होती. रबरी बूट चढवून पाण्यात उतरायचं, लांब दांड्याचं जाळं तळाशी टेकवायचं, त्याच्या वरच्या अंगाला उभं राहून तीन मिनिटं पायाने दगडगोटे ढवळायचे. दगडांना चिकटलेले जीव सुटतात आणि वाहत जाळ्यात येतात. ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचे आणि मोजायचे. प्रत्येक जातीला गुण ठरलेले. ज्याला जराही घाण सोसत नाही त्याला दहापैकी दहा, गटारातही मजेत राहणाऱ्या लाल अळीला एक. गुणांची बेरीज केली की ओढ्याचा निकाल लागला.

"म्हणजे तुझ्या शाळेत जो नाजूक तो हुशार आणि जो टणक तो ढ," असं तिचे बाबा म्हणायचे. "मी तिथे नापासच झालो असतो."

त्या बुधवारी ती आणि ड्रायव्हरकाका सकाळी आठलाच निघाले होते. ओढ्यावर तपासणीची पाच ठिकाणं, खालून वर मोजलेली. एक नंबर पंपहाऊसच्या जरा वर, जिथून गावाचं पाणी उचलतात तिथे. पाच नंबर सगळ्यांच्या वर, शेवटची वसाहत संपते त्याच्याही पलीकडे. एक नंबरला निकाल झकास लागला. तीन शेपट्यांची चपटी पिल्लं ट्रेभर सुळसुळत होती. वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळी बांधणाऱ्या अळ्या आपापली घरं ओढत चालल्या होत्या. चतुराचं एक मस्तवाल पिल्लू शेजाऱ्यांना खायला निघालं, म्हणून त्याला वेगळ्या वाटीत बसवावं लागलं. दोन नंबरलाही तसंच. ती खुशीत होती. ड्रायव्हरकाकांनी थर्मासमधला चहा ओतला आणि ते म्हणाले, "आज लवकर सुटणार आपण."

तीन नंबर पायी जायच्या पुलाखाली होतं. दहा वाजत आले होते. ती पाण्यात उतरली, जाळं टेकवलं, घड्याळ लावलं आणि पाय उचलणार तोच थांबली. जाळं जड लागत होतं. तिने अजून एकही दगड हलवला नव्हता.

तिने जाळं वर घेतलं. तळाशी करडा-पिवळा लगदा साचला होता. पालापाचोळा असेल म्हणून तिने तो ट्रेमध्ये ओतला आणि खाली वाकली.

तो पाचोळा नव्हता. शेकडो पिल्लं होती, एकमेकांवर पडलेली. काही पाठीवर पडून पाय झाडत होती. काही जागच्या जागी गरगर फिरत होती. नळीत राहणाऱ्या अळ्या, ज्या मेल्या तरी घर सोडत नाहीत म्हणून ती कौतुकाने सांगायची, त्या घराबाहेर उघड्या पडल्या होत्या. चतुराचं एक मोठं पिल्लू सारखा जबडा पुढे काढत होतं, आत घेत होतं, पुन्हा काढत होतं. समोर खायला काही नव्हतं. मग तेही थांबलं.

"काय झालं?" काका पुलावरून ओरडले.

तिने पाण्याकडे पाहिलं. पाणी काचेसारखं. तळाचा गोटान् गोटा दिसत होता. बोटाएवढे मासे प्रवाहात तोंड खुपसून नेहमीसारखे उभे होते. तिने एक दगड उचलून उलटा केला. खालची बाजू स्वच्छ, ओकीबोकी, जणू कुणी पुसून ठेवली होती. एक गोगलगाय तेवढी आरामात सरकत होती. दुसरा दगड. तिसरा. दहावा. सगळीकडे तेच: गोगलगायी ठीक, जळवा ठीक, आणि सहा पायांचं एकूण एक मेलेलं नाहीतर मरणाच्या दारात.

अकरा वर्षांत तिने घाणेरडा ओढा पाहिला होता, आटलेला पाहिला होता, साबणाने फेसाळलेला पाहिला होता. असा कधीच नाही. काठावर येऊन ती मटकन खाली बसली.

काका घाईघाईने उतरून आले. ट्रेमध्ये बघून म्हणाले, "पाणी तर चांगलं दिसतंय, ताई."

"तेच ना!" ती म्हणाली. "काका, कीटकनाशक आहे हे. आणि आत्ता येतंय. आत्ता, या मिनिटाला. तासाभरापूर्वी खाली सगळे जिवंत होते."

हे बोलताना तिला तासाभरापूर्वीचा ट्रे आठवला. हे पाणी खाली चाललं होतं. दोन नंबरला दोन तासांत पोचणार. पंपाला चार.

तिने साहेबांना फोन लावला. साहेब शांत माणूस, आवाज चढवणं त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मीटर काय म्हणतंय?"

"मीटर ठीक म्हणतंय. प्राणवायू भरपूर, आम्लता नेहमीचीच."

"मासे?"

"मासे जिवंत आहेत."

"मॅडम," साहेब म्हणाले, "मीटर ठीक, मासे ठीक, पाणी स्वच्छ. आणि किडे मेले म्हणून मी तीस हजार लोकांचा पंप बंद करू? वर काय सांगू मी?"

"साहेब, मीटर चारच गोष्टी मोजतं. विष त्या चारांत नाही. तुम्ही इथे या आणि हा ट्रे बघा. मी अकरा वर्षांत तुमच्याकडे काही मागितलंय का? साधी नवीन जाळीसुद्धा नाही. आज मागते. पंप बंद करा."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, "टाकीत उद्या सकाळपर्यंतचं पाणी आहे. बंद करतो. पण कुठून आलं, काय आलं, ते मला दुपारच्या आत हवं. नाहीतर तुमच्याबरोबर माझीही धडगत नाही."

ट्रेमधली सगळी हालचाल एव्हाना थांबली होती.

ती दोघं जीपने वर निघाली. चार नंबरला जाळ्यात आलेले सगळे आधीच मेलेले होते, पांढुरके पडलेले, हात लावला की तुटणारे. तिथून ती थेट पाच नंबरला गेली आणि तिने पहिला दगड उलटला. चपटी पिल्लं उजेडाला घाबरून तुरुतुरु पळाली. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. इतकी साधी गोष्ट, किडा पळतो, आणि तिला हुंदका आवरेना.

म्हणजे जे काय होतं ते चार आणि पाचच्या मध्ये. आणि मध्ये होती नवी वसाहत. तिथल्या रस्त्यांवरचं पाणी वाहून नेणारे नऊ पाइप ओढ्यात उघडत होते, प्रत्येकाच्या तोंडाशी पांढऱ्या रंगात आकडा. ती पाण्यातूनच खाली चालत निघाली. काका काठाने वही घेऊन. प्रत्येक पाइपच्या वर एक दगड, खाली एक दगड.

"नऊ. वर जिवंत, खाली जिवंत."

"लिहिलं."

"आठ. जिवंत, जिवंत."

"लिहिलं."

सातलाही तसंच. सहाव्या पाइपच्या वरच्या दगडाखाली सात पिल्लं होती. तीन पावलं खाली, काठालगत, दुसरा दगड. त्याच्याखाली एकही नाही. फक्त एक रिकामी वाळूची नळी आणि तिच्याशेजारी तिची मालकीण, लांबलचक, निश्चल. तीन पावलांत जग संपलं होतं. तिने तो दगड परत होता तसा ठेवला. का ठेवला ते तिचं तिला कळलं नाही.

सहाव्या पाइपमधून बारीक धार येत होती. आठवडाभर पाऊस नव्हता, तरी येत होती.

काकांनी नकाशा जीपच्या बॉनेटवर पसरला. "सहा नंबर एकाच गल्लीचा आहे," ते बोट फिरवत म्हणाले. "चौदा घरं. ही बघा." आणि त्यांचं बोट तिथेच थांबलं. रविवारी तिला त्या गल्लीत सोडायला कधीकधी काकाच जायचे.

"बाबांची गल्ली," ती म्हणाली. "बरंच झालं. बाबांना शेजारीपाजारी सगळे माहितीयत. कोण काय करतं ते विचारता येईल."

तिला खरोखरच तेवढंच वाटलं. पुढे कित्येकदा तिने तो क्षण उलटसुलट करून पाहिला. खरंच तेवढंच वाटलं होतं.

गल्लीच्या तोंडाशी रस्त्यात लोखंडी जाळी होती. काकांनी पहारीने ती उचलली. खालच्या खड्ड्यात झुरळं उताणी पडली होती, पसाभर तरी. काकांनी नाकाला रुमाल लावला. ती मात्र वाकली आणि तिने श्वास घेतला.

रॉकेलसारखा वास, पण त्यात लसणासारखं उग्र काहीतरी. आणि एकदम ती सात वर्षांची झाली. संध्याकाळ, दार उघडतंय, ती धावत जाऊन कुणाच्या तरी पायांना मिठी मारतेय आणि आई ओरडतेय, "थांब गं, आधी त्यांना कपडे बदलू दे!"

बाबा एकतीस वर्षं आरोग्य खात्यात डासांवर फवारणी करत होते. बापाने किडे मारायचे आणि मुलीने मोजायचे, अशी त्यांच्या घरात कायमची थट्टा होती. तापाच्या साथीत बाबा पाठीवर पंप घेऊन घरोघर जायचे, आणि त्यांच्या भागात साथ कधी टिकली नाही, हे ते अजून अभिमानाने सांगायचे. हा वास त्यांच्या शर्टाचा होता. तिने दुसरीकडे कुठेही, कधीही तो घेतला नव्हता.

"ताई?" काका म्हणाले.

ती धावतच सुटली. बूट पाण्याने भरलेले, पावलागणिक पचपच आवाज. नऊ नंबरच्या घराचं फाटक उघडं होतं. बाजूच्या बोळात, शेडच्या दाराशी, बाबा उभे होते. कोपरापर्यंत हातमोजे, तोंडाला फडकं, अगदी नियमाप्रमाणे. त्यांच्या हातात बादली होती आणि ती जमिनीतल्या जाळीवर तिरपी होत होती.

"बाबा! ओतू नका! ओतू नका ते!"

बाबा दचकले. बादली हिंदकळली, चार थेंब जाळीत गेले. त्यांनी ती सरळ केली, खाली ठेवली आणि तोंडावरचं फडकं काढलं.

"अगं, केवढ्यांदा ओरडतेस! काय झालं? तुझी पोरगी बरी आहे ना?"

"काय आहे त्यात?"

"काही नाही, डबा धुतलेलं पाणी. तिसऱ्यांदा धुतला. रिकामा डबा तीनदा धुवायचा, मग भोक पाडून चेपायचा, नियमच आहे तो." बाबांनी शेडकडे हात केला. भिंतीशी गंजलेला पत्र्याचा डबा उलटा निथळत होता. "जुना स्टॉक होता, नोकरीतला. तळाशी पाऊण लिटर राहिला होता. परवा नात शेडमध्ये शिरली होती, मला कळलंच नाही, बघतो तर डब्याच्या झाकणाशी खेळतेय. पाचावर धारण बसली माझी. म्हटलं, आता हे घरात नको. आज सकाळी साडेसातलाच ओतून मोकळा झालो."

"कुठे ओतलं?"

"इथेच. गटारात. शुद्धीकरण केंद्रात जातं ना सगळं."

ती जाळीकडे बघत राहिली. "ते जुन्या घरी, बाबा. इथे वेगळं आहे. ही पावसाच्या पाण्याची लाईन आहे. ही सरळ ओढ्यात जाते."

बाबा हसले, म्हणजे हसायला सुरुवात केली. मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं, फाटकात उभ्या राहिलेल्या ड्रायव्हरकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरत उतरत इतका उतरला की तिला वाटलं ते पडतील.

"ओढ्यात," ते म्हणाले.

"सगळे मेले, बाबा. खाली पुलापर्यंत सगळे. एकही नाही राहिला. आणि ते पाणी पंपाकडे चाललंय."

बाबांनी तिच्या उघड्या हातांकडे पाहिलं. "तू हात घातलेस पाण्यात?"

"बाबा—"

"हात घातलेस का ते सांग! मोजे नव्हते तुझ्या हातात. आधी आत जा. साबण लाव, कोपरापर्यंत, तीनदा. डोळ्यांना लावू नकोस. जा!"

आणि ती गेली. मोरीशी उभी राहून तिने कोपरापर्यंत साबण लावला, एकदा, दोनदा, तीनदा. नळ वाहत होता. ह्याच पाण्यासाठी आपण पंप बंद करायला लावला, हे तिच्या डोक्यात होतं. आणि आपल्याला बाबांवर धड ओरडताही आलं नाही, हेही होतं.

बाहेर आली तेव्हा ड्रायव्हरकाका तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "ताई, लहान तोंडी मोठा घास घेतो. रिपोर्टमध्ये गल्लीचं नाव लिहा. चौदा घरं आहेत. कुठल्या घरातून, ते नाही सापडलं. असं होतं की कधी कधी."

खोटं कशाला सांगावं, तिच्याही मनात ते येऊन गेलं होतं. साबण लावतानाच. ती काही बोलणार तोच बाबा घरातून बाहेर आले. त्यांनी धुतलेला शर्ट घातला होता, केस विंचरले होते, आणि प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेला तो डबा छातीशी धरला होता.

"चला," ते काकांना म्हणाले. "लेबल अर्धं टिकलंय. तुमच्या केमिस्टला औषधाचं नाव कळलं तर कुठली तपासणी करायची ते कळेल. नाहीतर आंधळ्यासारखे शोधत बसतील, आणि तेवढा वेळ नाही."

जीपमध्ये ते पुढे बसले. 

ऑफिसात साहेबांनी सगळं उभ्यानेच ऐकलं. बाबांनी कुठेही सारवासारव केली नाही. कुठलं औषध, किती तीव्रतेचं, पाऊण लिटर, सकाळी साडेसात, पहिल्या धुण्याचं पाणी नऊला, दुसऱ्याचं साडेदहाला, तिसऱ्याचं हिने थांबवलं. जबानी देणाऱ्यासारखं नाही, तर पाळी बदलताना दुसऱ्या माणसाला काम सोपवावं तसं. साहेब एकदा म्हणाले, "पाऊण लिटर? एवढ्याशा औषधाने एवढे किलोमीटर?" आणि खुर्चीवर बसले. त्यानंतर ते बराच वेळ उठले नाहीत.

केमिस्टला तासाभरात ते औषध पाण्यात सापडलं. पंपापाशी ते पाणी दोनच्या सुमारास पोचलं आणि बंद पंपासमोरून पुढे निघून गेलं. पाच दिवस गावाने टँकरचं पाणी प्यायलं आणि खात्याला शिव्या घातल्या. आजारी कुणीही पडलं नाही. रिपोर्ट तिने त्याच संध्याकाळी लिहिला. घर क्रमांक नऊ, आणि त्यापुढे नाव. सहीच्या वर तिने आणखी एक ओळ जोडली: सदर व्यक्ती माझे वडील आहेत. बाबांना नोटीस आली, चौकशी झाली. चौकशीत निघालं की त्याआधीच्या आठवड्यात त्यांनी तीन कार्यालयांत फोन करून विचारलं होतं, जुनं औषध कुठे जमा करायचं? तिघांनीही सांगितलं, आमच्याकडे नाही.

ओढा इतक्या लवकर सावरला नाही. तीन महिन्यांनी तीन नंबरला लाल अळ्या आणि गोगलगायी, एवढंच. ढ मुलांची शाळा. सहा महिन्यांनी वरून वाहत आलेली तीन शेपट्यांची चार पिल्लं. तिने बाबांना फोन करून सांगितलं, "चार." पलीकडून ते म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवून दिला. त्या बुधवारपासून ते ओढ्याकडे फिरकले नव्हते. रविवारी ती गेली की पूर्वीसारख्या गप्पा व्हायच्या, फक्त किड्यांची थट्टा बंद झाली होती.

मग साहेबांनी एक गोष्ट केली. वसाहतीच्या सभागृहात एक शनिवार जाहीर केला: घरातलं जुनं औषध, रंग, विष, जे असेल ते आणून द्या, कुणाचं नाव विचारणार नाही. नोंद करायला औषधांची माहिती असलेला माणूस हवा होता. साहेबांनी स्वतः जाऊन बाबांना बोलावलं. ते नाही म्हणतील असं तिला वाटलं होतं. ते नऊच्या आधीच हातमोजे घालून टेबलाशी बसले होते.

तिचा अंदाज होता, वीस-पंचवीस डबे येतील. साडेनऊलाच पन्नास झाले. लोक लाजत यायचे, पिशवीतून काहीतरी काढून ठेवायचे आणि म्हणायचे, कधीपासून पडलंय कोण जाणे. वाळवीचं औषध, उंदरांचं, ढेकणांचं, बागेतलं. बाटल्या, पत्र्याचे डबे, झाकण नसलेले, लेबल नसलेले. एका बाईंनी तर चक्क मुरांब्याची बरणी आणली, त्यात पांढरी भुकटी. "सासऱ्यांची आहे," त्या म्हणाल्या, "स्वयंपाकघरात वरच्या फळीवर होती." दुपारी बाराला टेबलं पुरेनात, डबे जमिनीवर मांडावे लागले. एकला तिने मोजले. तीनशे सात. अकरा वर्षं मोजत आलेली बाई, पण ते डबे तिने दोनदा मोजले, कारण पहिल्यांदा तिचा विश्वासच बसला नाही. त्यातला बराचसा माल असा होता की एकेक डबा एकेका ओढ्याला पुरला असता. आणि हे एका वसाहतीतलं होतं.

ती बाबांशेजारच्या खुर्चीवर बसली. समोर भिंतीपर्यंत डबेच डबे.

"बघतेयस?" बाबा म्हणाले. ते डब्यांकडेच पाहत होते. "चौकशीत मला वाटायचं, असा मूर्ख मी एकटाच. आता कळलं, एकटा नव्हतो. बरं वाटायला हवं ना याने?"

तिने मान डोलावली.

"नाही वाटत," बाबा म्हणाले. दारात आणखी एक म्हातारे गृहस्थ दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभे होते. बाबा उठले आणि त्यांच्या हातातलं ओझं घ्यायला पुढे गेले.